आधी चूक सांगायची, मग फोटो

सहल नीट पार पडली की तिचं काही उरत नाही. गाडी वेळेवर आली, खोली स्वच्छ होती, जेवण गरम होतं, आम्ही परत आलो. यात सांगायचं काय? किस्सा होतो तो गाडी चुकली की, नाहीतर आपल्या खोलीत आधीच कोणीतरी घोरत पडलेलं सापडलं की. आणि असे किस्से साठत जातात, लॉजवरून उचलून आणलेल्या छोट्या साबणांसारखे. आणताना वाटतं, कधीतरी कामी येतील. मग एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात.

आमच्याकडे तर याचा नियमच आहे. उज्जैनच्या माधव नगरात आम्ही चार-पाच मराठी घरं अशी आहोत, की ज्यांना झेंडा धरलेल्या माणसामागे फिरायला आवडत नाही. स्वतः तिकीट काढायचं, स्वतः हरवायचं, स्वतः सापडायचं. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर आम्ही पोहे-जिलेबीला जमतो. जो फिरून आला असेल त्याने आधी काय चुकलं ते सांगायचं. फोटो नंतर. चूक नाही तर फोटो नाही.

मुकुंद, हा आमच्यातला बँकवाला, एकदा केरळहून आला आणि म्हणाला, "यार, आमचं काहीच चुकलं नाही." दोन रविवार त्याचे फोटो मोबाइलमध्येच पडून राहिले. तिसऱ्या रविवारी त्याची बायको आली. तिला नऊ चुका आठवल्या.

माझ्याबद्दल एवढंच, की माझं नाव शरद, औषधांचं दुकान आहे आणि माझे किस्से लोक अर्धेच खरे मानतात. माझी बायको नीला तेवढेही मानत नाही. पण आज जे सांगतोय त्यातलं शेवटचं तरी पूर्ण खरं आहे. त्यात चूक माझीच आहे, आणि स्वतःच्या चुकीला कोणी तिखटमीठ लावत नाही.

*

सुलभाताई आमच्या शेजारच्या. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाल्या. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा निखिल बेंगळुरूला असतो. मुलगा गुणी आहे, पण काळजी करण्यात त्याचा हात कोणी धरू शकणार नाही. दर सुट्टीत त्याचा एकच धोशा, "आई, घर विकून टाक, माझ्याकडे ये."

यंदा संक्रांतीला आला तेव्हा तो हट्टालाच पेटला. "तू एकटी राहणार कशी? तू एकटी कधी इंदूरलासुद्धा गेली नाहीस."

हे खरं होतं. इंदूर आमच्यापासून तास-दीड तासावर आहे.

सुलभाताई म्हणाल्या, "राहीन."

"मग आठ दिवस एकटी कुठेतरी जाऊन दाखव. मला एकदाही मदतीला बोलावलं नाहीस, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. बोलावलंस, तर एप्रिलमध्ये सामान बांधायचं. आणि रोज रात्री आठला माझा फोन उचलायचा."

त्याला वाटलं, आई गप्प बसेल.

आई म्हणाली, "जैसलमेर."

पुढच्या रविवारी ठेल्यावर त्यांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या दिघेकाकांच्या हातातली जिलेबी पाकासकट शर्टवर पडली. मी विचारलं, "जैसलमेरच का?"

"चौतीस वर्षं फळ्यावर बारखाण काढलं, शरदराव. वाळूची चंद्रकोरीसारखी टेकडी. एका बाजूने हलका उतार, दुसऱ्या बाजूने उभा. वारा इकडून. दर वर्षी खडू, दर वर्षी तेच चित्र. मी अजून एकही पाहिलेलं नाही."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "हं. आता तुमच्या चुका सांगा. एकेक जण."

*

पहिला मुकुंद.

इथे आमचा एक खास रोग सांगायला हवा. उज्जैनच्या माणसाला लहानपणापासून रोज दहा अनोळखी लोक विचारतात, भैया, महाकाल किधर? राम घाट किधर? आणि आपण हात वर करून सांगतो. इतकं सांगतो, की प्रश्न आला की हात आपोआप वर जातो. डोक्याला कळतच नाही.

मुकुंद आणि त्याची बायको बनारसला उतरले. सामान खोलीवर टाकून गल्लीत चहा पीत होते. समोरून राजस्थानी कुटुंब आलं, सात माणसं, दोन म्हाताऱ्या. "भाईसाहब, घाट किधर पड़ेगा?"

मुकुंदचा हात वर. "सीधे जाइये, पीपल का पेड़ आएगा, वहाँ से लेफ्ट, आगे ढलान है, बस सामने नदी."

ते लोक गेले. बायकोने चहाचा कुल्हड खाली ठेवला. "अहो, आपण तासाभरापूर्वी आलोय या गावात. ते सांगितलंत ते राम घाटाचं."

मुकुंदला घाम फुटला. त्या दोन म्हाताऱ्या आता कुठल्या गोदामात जाऊन पडतील, या विचाराने तो त्यांच्यामागे धावायला उठला, तर रस्ता माहीत नाही. अर्धा तास तो तिथेच बसून राहिला, मुलाची वाट पाहणाऱ्या आईसारखा.

अर्ध्या तासाने तीच सात माणसं परत आली. ओले केस, कपाळाला गंध. "बहुत बढ़िया रास्ता बताया भाईसाहब. अब ये बताइये, कचौरी अच्छी कहाँ मिलेगी?"

आणि मुकुंदने तेही सांगितलं.

सुलभाताईंनी वहीत लिहिलं ते मी वाकून वाचलं. "परगावी हात खिशात ठेवावा."

*

दुसरा मी. खरं तर मी तयारीनिशी आलो होतो, चंबळच्या खोऱ्यातली एक सनसनाटी गोष्ट घेऊन. पण नीला म्हणाली, "ती नको. त्यात तुम्ही दर वेळी वेगळ्या पायाने लंगडता." मग साधीच सांगितली.

उज्जैनला घर असलेल्या माणसाला नातेवाईक कधी कमी पडत नाहीत. श्रावण असो, शिवरात्र असो, चुलत-मावस-आते सगळे दर्शनाला येतात, आणि उतरतात आपल्याकडे. मला गाव दाखवता येतं, पण दुसऱ्याचं गाव बघता येत नाही, कारण बघायला जायचं कधी? गाद्या घालून उचलेपर्यंत पुढची बॅच नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरलेली असते.

एका श्रावणात नाशिकच्या चुलतभावाचा फोन आला. "शरद, शनिवारी येतोय. सहाच जण आहोत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आम्ही शनिवारी मांडूला चाललोय."

खोटं होतं. पण एकदा बोललो तर घरात दिसून कसं चालेल? शनिवारी पहाटे नीलाला उठवलं, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि खरंच मांडूला गेलो. काय सांगू, ढग खाली उतरलेले, तलाव भरलेला, मक्याची कणसं भाजत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला काहीही न दाखवता दोन तास नुसता बसलो.

मग मागून पाठीवर थाप. चुलतभाऊ. मागे पाच जण.

"तू म्हणालास ना मांडू, म्हटलं आपणही आधी तेच करू. काय जागा आहे रे. आणि बरं झालं शरद, तुझ्याकडे उतरलो असतो तर तुझं कुठलं बाहेर पडणं झालं असतं?"

मी त्याला मिठी मारली. इतकं खरं माझ्याशी कोणी आजवर बोललं नव्हतं.

*

दिघेकाका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा सिद्धांत असा, की एकट्याने फिरणाऱ्या माणसाची बॅग सात किलोची असावी. सात म्हणजे सात. वाण्याच्या काट्यावर ते बॅग तोलून आणतात, आणि वाणी सवयीने विचारतो, "और कुछ, काकाजी?"

एका डिसेंबरात ते एकटे पचमढीला निघाले. बॅग सात किलो भरली, झाली. तेवढ्यात काकूंनी दीड किलो चिवडा आणून ठेवला. आता काटा साडेआठ. काकूंचा चिवडा परत करायची हिंमत घरात कोणाची नाही. काकांनी विचार केला आणि दीड किलोचा स्वेटर काढून ठेवला.

पचमढीत पहिल्या संध्याकाळीच दातावर दात वाजायला लागले. लॉजवाल्याकडे जास्तीची रजाई नाही. काका खोलीत बसून चिवडा खाऊ लागले, दुसरं काय करणार? दार उघडं होतं. चौकीदार वास काढत आला. "साहब, ये क्या है?" मूठभर दिला. तो गेला आणि आपलं एक घोंगडं घेऊन आला. अजून दोन मुठी दिल्या. तो कानटोपी घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी काकांच्या अंगावर घोंगडं, कानटोपी, मफलर आणि कोणाचे तरी हातमोजे होते, आणि चिवडा संपला होता. घरी आल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, "स्वेटर नेला असतात तर त्याच्या बदल्यात चिवडा मिळाला असता का?"

दिघेकाका अजून उत्तर शोधताहेत. सुलभाताईंच्या बॅगेत मात्र काकूंनी त्याच दिवशी डबा ठेवून टाकला.

*

नीलाचे दोन सल्ले होते. एक, खोली आधी डोळ्यांनी बघायची, मगच हो म्हणायचं. खिडकी नसेल तर सरळ समोरच्या लॉजमध्ये जायचं, भीड धरायची नाही. दुसरा, रिक्षावाल्याला चांगलं हॉटेल कुठे असं विचारायचं नाही. तू कुठे जेवतोस, असं विचारायचं.

हे तिने उदयपूरला विचारलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "मैं तो घर पे खाता हूँ."

"तर मग तिकडेच चला," नीला म्हणाली. मला वाटलं चेष्टा करतेय. त्याला वाटलं नाही.

त्याच्या आईने चुलीवरची बाटी फोडून वर तूप ओतलं. थांब म्हटलं तरी थांबेना. आमचं पोट भरलं, तिचं मन भरेना. शेवटी तिने विचारलं, "कहाँ से आए हो, बेटा?"

"उज्जैन."

म्हातारीने हातातली तुपाची वाटी खाली ठेवली आणि हात जोडले. "महाकाल की नगरी से?"

नीलाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य आम्हा दोघांनाही पाठ होतं. अगदी तेच आलं.

महिन्याभराने ते आले. अकरा जण. आणि हे खोटं वाटेल, पण त्याच रिक्षातून आले, उदयपूरहून.

"तीन रिक्षा होत्या," नीला म्हणाली.

"बरं, तीन."

"आणि स्टेशनवरून आले होते."

*

सल्ले झाले. आता मुकुंदने काढलं, की जाण्याआधी एक रंगीत तालीम व्हावी. सुलभाताईंनी एक दिवस उज्जैनमध्येच परकं व्हायचं. बॅग घेऊन नानाखेड्याच्या बसस्टँडवर उभं राहायचं, जणू आत्ताच उतरलोय. रिक्षा ठरवायची, राम घाटाजवळ लॉज शोधायचा, घासाघीस करायची, जेवायचं, संध्याकाळी परत.

त्या गेल्या. संध्याकाळी ठेल्यावर आल्या तेव्हा चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"रिक्षावाला म्हणाला, मॅडम प्रणाम. मी म्हटलं, राम घाट, कितना लोगे? तो म्हणाला, आपसे पैसे लूँगा? आपने मुझे आठवीं में पास किया था."

"मग?"

"मी म्हटलं, मैंने नहीं किया था, तुम खुद हुए थे, दो नंबर से."

लॉजवर गेल्या तर काउंटरवरचा मॅनेजर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. तो सातवी ब. खोली दाखवायच्या ऐवजी त्याने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवून चहा मागवला. घाटावर पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी नातवाच्या भूगोलाच्या मार्कांची तक्रार केली. जेवायला गेल्या तिथे मालकाने भाजी दोनदा वाढली.

"तालीम फसली," सुलभाताई म्हणाल्या. "या गावात मला परकं होताच येत नाही."

दिघेकाकांनी सगळ्यांसाठी आणखी पोहे सांगितले, कोणाला भूक नव्हती तरी.

*

फेब्रुवारीत एका शनिवारी सुलभाताई निघाल्या. जोधपूरपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. कुठल्या दिवशी कुठे, कुठला लॉज, परतीची गाडी कधी, सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात. त्याचा फोटो निखिललाही पाठवला. घराची किल्ली माझ्याकडे.

"शरदराव, रोज सकाळी सातला झाडांना पाणी."

"रोज. सातला. निश्चिंत जा."

चार दिवस सगळं सुरळीत. आठला निखिलचा फोन, आठ-पाचला त्यांचा आमच्या ग्रुपवर मेसेज, "सर्व ठीक."

बुधवारी रात्री मेसेज नाही. साडेआठला निखिलचा मला फोन, "काका, आई फोन उचलत नाहीये. बंद येतोय."

मी म्हटलं, "बॅटरी असेल रे."

गुरुवारी दिवसभर फोन बंद. कागदावरच्या लॉजचा नंबर शोधून मुकुंदने लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "वो मैडम? वो तो मंगल को ही चली गयीं."

"कहाँ गयीं?"

"पता नहीं जी. कमरा देखा, और चली गयीं."

माझ्या दुकानात शेल्फवर रक्तदाबाच्या गोळ्या असतात. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे ग्राहकाच्या नजरेने पाहिलं. दिघेकाका रेल्वेतल्या जुन्या मित्रांना फोन लावत बसले. नीला मला म्हणाली, "मीच सांगितलं होतं ना, खोली बघून सोडा म्हणून." गुरुवारी रात्री निखिल फोनवर म्हणाला, "काका, मी पहाटेच्या विमानाने निघतोय." आवाज कसा होता ते सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही.

शुक्रवारी सकाळी मला झोप लागलीच नव्हती, म्हणून सातला किल्ली घेऊन सुलभाताईंच्या घरी गेलो. दार उघडतोय तोच आत लँडलाइन वाजली. रिकाम्या घरात ती घंटा अशी घुमते की अंगावर काटा येतो. धावत जाऊन उचलली.

"शरदराव, गुलाबाला पाणी घातलं का?"

मी सोफ्यावर बसलोच. "सुलभाताई? कुठे आहात? काय झालं?"

"जैसलमेरला आहे. नव्या लॉजवाल्याच्या फोनवरून बोलतेय. मला नंबर एकच पाठ आहे, आपल्या घरचा. बाकी सगळे मोबाइलमध्ये, आणि मोबाइल वाळूने गेला. बारखाणावरून घसरले ना."

"पडलात? लागलं का?"

"पडले नाही हो. घसरले. मुद्दाम. उभ्या उतारावरून, बसून. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा फोन गेला."

एकसष्ट वर्षांची बाई. आपल्या डोळ्यांसमोर चित्र येतं ना.

"आणि तो उंटवाला," त्या सांगत होत्या, "मी त्याला म्हटलं, वारा इकडून येतो. तो म्हणाला, मैडम, आज हवा ही नहीं है. निखिलला कळवा, काळजी करू नको म्हणावं. आज दुपारच्या गाडीने निघतेय, कागदावर आहे तशीच."

"कळवतो. लगेच."

"आणि शरदराव, तुम्ही रोज सातला येता ना?"

"रोज."

"मग काल सातला मी फोन केला तेव्हा का नाही उचललात?"

तर ही माझी चूक. त्या आठवड्यात मी फक्त दोनदा पाणी घातलं होतं, तेही दुपारी. गुरुवारी सातला मी झोपलो होतो. तेव्हा गेलो असतो, तर निखिलने विमान पकडलंच नसतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुलभाताईंना मी म्हटलं, "बाहेर अंगणात होतो, ऐकू आलं नसेल."

फोन ठेवल्याबरोबर निखिलला लावला. बंद. तो ढगात होता. मेसेज टाकून ठेवला.

*

निखिल जोधपूरला उतरला, माझा मेसेज वाचला आणि त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, तिची गाडी किती वाजता?"

"कागदावर आहे. तुला फोटो पाठवला होता."

"मी उघडला नाही."

"दुपारी सव्वाचार."

"मग पोचतो. तिला घेऊनच येतो."

जैसलमेर जोधपूरहून टॅक्सीने पाच तासांवर. वाटेत टायर गेलं. निखिल स्टेशनवर पोचला तेव्हा पावणेपाच झाले होते. गाडी गेली होती, आणि परतीचं तिकीट त्याला मिळेना.

रविवारी सकाळी आम्ही ठेल्यावर होतो. सुलभाताई स्टेशनवरून घरी न जाता सरळ तिथेच आल्या. पाठीवर बॅग, चेहरा तांब्यासारखा तापलेला, चपलेत वाळू. आठ दिवस पूर्ण, एकदाही मदत न मागता. मुकुंद उठून उभाच राहिला. दिघेकाकांनी डोळे पुसले आणि पोह्यांवरचा जिरावण मसाला डोळ्यात गेला म्हणाले. निखिलचं त्यांना कोण सांगणार, यावर आम्ही एकमेकांकडे पाहतच होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला.

"काका, आई पोचली का?"

मी फोन सुलभाताईंच्या हातात दिला.

"निखिल? अरे पोचले मी. मस्त झालं सगळं. तू कुठे आहेस?"

"जैसलमेरला."

"तिथे कशाला?"

"तुला शोधायला."

सुलभाताईंनी पोह्यांची प्लेट हळूच बाकावर ठेवली. मग आवाज बदलला. तो आम्ही कोणी ऐकलेला नव्हता, पण या गावातल्या निम्म्या रिक्षावाल्यांनी नक्की ऐकलेला असणार.

"जेवलायस का काही?"

तिकडून काय आलं ते कळलं नाही.

"बरं. खोली आहे?... दहाला सोडायचीय? आणि दुसरी मिळत नाही? शनिवार-रविवार आहे रे, न ठरवता कशी मिळेल? तिकीट?... वेटिंग किती?... घाबरू नकोस. आत्ता कुठे उभा आहेस? आजूबाजूला काय दिसतंय?... सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात रे, किल्ल्याचं फाटक दिसतंय का?... बरं. सूर्य कुठे आहे?... समोर? मग त्याच्याकडे पाठ कर. आता सरळ चाल. फोन चालू ठेव. निळं दार आलं का? आता उतार लागेल. उतर. सांभाळून. डाव्या हाताला लॉज आहे. आत जा आणि सांग, मॅडम का बेटा हूँ."

ठेलेवाल्याने कढईखालचा गॅस बारीक केला.

"पोचलास? बस. चहा घे. त्यांच्याकडे मागची एक छोटी खोली असते, देतील. आणि बेंगळुरूचं तिकीट शोधू नकोस. मी आले त्याच गाड्यांनी इकडे ये."

निखिल मंगळवारी उज्जैनला आला. चार दिवस राहिला. घर विकायचा विषय निघाला नाही. तोही काढेना, त्याही काढेनात. तो भरपूर झोपला, भरपूर जेवला, आणि निघायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात येऊन काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांशी उगाच खेळत बसला.

"काका, आई डिसेंबरात कच्छला जाणार म्हणतेय."

"ऐकलंय खरं."

"मला बरोबर नेईल का? म्हणजे... तुम्ही विचारा ना. मी विचारलं तर बरं दिसत नाही."

संध्याकाळी मी विचारलं. सुलभाताई अंगणात गुलाबाची सुकलेली पानं काढत होत्या. मान वर केली नाही.

"त्याला म्हणावं, आधी आठ दिवस एकटा कुठेतरी जाऊन ये. मग बघू."